प्रयोग फसल्याचं पत्र आलं; आता पैसे देत राहायचे का?

सांजवारा

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी विज्ञानातली नाही. हिशेबतपासणी हा माझा पेशा. शाळा सुटली तेव्हा जीवशास्त्रही सुटलं, कायमचंच असं वाटलं होतं. मग दादाला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरत जातात. सुरुवात शर्टाच्या बटणांपासून झाली. आधी गळ्याजवळचं लागेना, मग बाहीचं. पुढे चमचा गेला, मग पेन, मग शब्द. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख होतं. त्याच्या उशाशी बसून या आजाराबद्दल जे वाचायला लागले, ते अजून थांबलेलं नाही.

तो गेला त्या वर्षापासून एका छोट्या प्रयोगशाळेला दर महिन्याला पगारातला ठरावीक भाग देते. आमच्यासारख्या काही कुटुंबांनी मिळून उभा केलेला निधी आहे. वर्षातून एकदा फॉर्म भरायचा असतो, त्यात 'रक्कम कशासाठी वापरावी' असा एक रकाना असतो. मी दर वर्षी तिथे लिहिते, 'फक्त औषधाच्या शोधासाठी'.

एकदा तिथे जाऊनही आले. सगळं दाखवणारी मुलगी पीएचडी करत होती. तिनं उणे ८० अंशांच्या फ्रीजरचं दार उघडलं, पांढरं धुकं आमच्या पायांवर उतरलं. जाड हातमोजा घालून तिनं एक खण बाहेर ओढला. करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, प्रत्येकीच्या झाकणावर बारीक पेनानं लिहिलेली तारीख आणि आकडे. "या तुमच्या निधीतून," ती म्हणाली आणि खण लगेच आत ढकलला. दार फार वेळ उघडं ठेवायचं नसतं म्हणे.

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. ज्या रेणूवर पाच वर्षं काम चाललं होतं, तो चालला नाही. पत्रात एक आलेख आहे. औषध दिलेल्या गटाची रेघ आणि न दिलेल्या गटाची रेघ एकमेकींवर बसल्या आहेत. मला पेशींमधलं काही कळत नाही, पण दोन रकान्यांची बेरीज सारखीच आली की काय समजायचं ते कळतं.

पत्र प्रामाणिक आहे. झाकपाक नाही, गोड शब्द नाहीत. पण मी चार दिवस ते टेबलावरून उचललं नाही. विचारायचं एवढंच: आपल्यासारख्यांनी, ज्यांना त्या विषयातलं काहीच कळत नाही, संशोधनाला पैसे द्यावेत का? दिलेले पैसे वाया गेले असं समजायचं का? की याला काही वेगळं नाव आहे?

---

गवतफुला

सांजवारा, दादाबद्दल वाचून वाईट वाटलं. बटणांचं वाचल्यावर पुढे वाचायला जरा वेळ लागला.

उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. सवडीनं लिहिते. पत्र पाठवणारी प्रयोगशाळा मात्र चांगली वाटते. अनेक ठिकाणी असं पत्र येतच नाही, नुसती पुढच्या वर्षीची विनंती येते.

---

धूमकेतू

माझा प्रांत दुर्बिणींचा, म्हणून तिथलीच गोष्ट सांगतो. आजाराच्या दुःखाशी तिची तुलना नाही, पण तुमच्या प्रश्नाशी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये जॉन हूकर नावाचे एक व्यापारी होते. लोखंडी सामान आणि पोलादी पाइप हा त्यांचा धंदा. खगोलशास्त्राची आवड होती, पण ते शास्त्रज्ञ नव्हते. १९०६ साली त्यांनी जॉर्ज हेल या खगोलशास्त्रज्ञाला १०० इंची आरशासाठी ४५ हजार डॉलर देऊ केले. एवढा मोठा आरसा तोवर कोणी केलाच नव्हता. फ्रान्समधल्या सेंट-गोबेनच्या कारखान्यात काच ओतली गेली. १९०८ च्या शेवटी ती हेल यांच्या माउंट विल्सन वेधशाळेच्या लोकांकडे पोचली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. काचेत बुडबुडे होते. थरांच्या सांध्यांवर बुडबुड्यांची जाळीच दिसत होती. पुन्हा ओतण्याचे प्रयत्न झाले, ते जमले नाहीत. शेवटी तीच बुडबुड्यांची काच घासायला घेतली आणि घासण्यात वर्षांमागून वर्षं गेली.

हूकर १९११ साली गेले. दुर्बिणीतून पहिल्यांदा आकाश पाहिलं गेलं ते नोव्हेंबर १९१७ मध्ये. ज्या माणसाचं नाव त्या दुर्बिणीला आहे, त्यानं तिच्यातून एक तारासुद्धा पाहिला नाही. त्याच्या हयातीत काच सदोष निघाली आणि दुर्बीण काही उभी राहिली नाही. तुमच्या पत्रासारखंच पत्र म्हणा ना.

आणि त्याच काचेतून ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीच्या तेजोमेघात एक रूपविकारी तारा, म्हणजे ठरावीक लयीत तेज कमीजास्त होणारा तारा, सापडला. अशा ताऱ्याच्या लयीवरून त्याचं अंतर काढता येतं. त्यावरून तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे, ती दुसरी दीर्घिकाच आहे, हे कळलं. विश्व केवढं आहे याचा आपला अंदाज त्या एका काचेनं बदलला. पुढे १९२९ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचा पुरावाही तिथलाच.

जेम्स लिक यांचंही सांगायला हवं. पियानो तयार करणारा माणूस, जमिनी घेऊन प्रचंड श्रीमंत झाला. म्हातारपणी स्वतःचं आणि आईवडिलांचं अवाढव्य स्मारक उभारायचं त्यांच्या मनात होतं. लोकांनी समजूत घातली आणि तोवर झाली नसेल एवढी शक्तिमान दुर्बीण करण्यासाठी त्यांनी ७ लाख डॉलर ठेवले. १८७६ मध्ये ते वारले, दुर्बीण १८८८ मध्ये सुरू झाली. ते आज त्या दुर्बिणीच्या खांबाखालीच चिरविश्रांती घेत आहेत. चारच वर्षांत, १८९२ मध्ये, तिथे गुरूचा पाचवा चंद्र सापडला. गॅलिलिओनं १६१० मध्ये चार पाहिले होते, त्यानंतर थेट हा.

सांजवारा, पाच वर्षं म्हणजे या गोष्टींत काच घासणंही अजून संपलेलं नाही.

---

कोरा_कागद

धागाकर्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून, थोडा विरोधी सूर लावतो.

दुर्बिणींच्या गोष्टी सुंदर आहेत, पण आपण यशाच्याच गोष्टी सांगतो. मला दोन अडचणी दिसतात. पहिली, मूलभूत संशोधन ही सगळ्यांची गरज आहे, मग ते सगळ्यांच्या कराच्या पैशांतून व्हावं. एखाद्याच्या मनात आलं म्हणून दुर्बीण, एखाद्याच्या घरात आला म्हणून तो आजार, असं चाललं तर ज्या आजाराचे रुग्ण गरीब आहेत त्याच्याकडे कोण बघणार? ज्याच्याकडे पैसा त्याचा प्रश्न विज्ञानाचा प्रश्न ठरतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. शास्त्रज्ञ नसलेल्यांनी दिलेला सगळा पैसा काही सांजवारा देतात तसा नसतो. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी १९५४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत पानभर निवेदन देऊन संशोधनासाठी समिती काढली. वरवर पाहता विज्ञानाला देणगीच. प्रत्यक्षात धूम्रपान आणि कर्करोगाच्या संबंधाबद्दल शंका जिवंत ठेवणं हा हेतू होता आणि ती शंका त्यांनी कित्येक दशकं जिवंत ठेवली. साखर उद्योगाचंही तेच. १९६७ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकाराचा दोष स्निग्ध पदार्थांवर ढकलणारा आढावा छापून आला. त्यामागे साखर उद्योगाचे पैसे होते हे उघड झालं २०१६ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी.

त्यामुळे माझा प्रश्न 'द्यावेत का' एवढाच नाही. देणाऱ्याचा हात किती आत जातो, हा आहे.

---

सांजवारा

कोरा_कागद, तुमचा राग आला नाही, उलट हेच बोलायला हवं होतं. माझा हात किती आत जातो याचा मी कधी विचार केला नव्हता. मला वाटायचं, मी फक्त देते. पण 'फक्त औषधाच्या शोधासाठी' लिहिणं हाही हातच झाला का?

---

परीक्षानळी

सांजवारा, मी प्रयोगशाळेत रोज पिपेट हातात धरणारी आहे. तुमचा विषय माझा नाही, पण पेशी वाढवणं हेच माझं काम. म्हणून आतल्या बाजूनं सांगते.

मोठी ग्रँट, म्हणजे संशोधनासाठीचं अनुदान, मागायची तर अर्जात 'प्रिलिमिनरी डेटा' दाखवावा लागतो. म्हणजे कल्पना चालेल याचा थोडाफार पुरावा आधीच हवा. तो पुरावा गोळा करायला पैसे कुठून आणायचे? मोठी ग्रँट त्यासाठी पैसे देत नाही, कारण पुरावा नाही. आणि पुरावा नाही, कारण पैसे नाहीत. या खिंडीतून बाहेर काढतो तो तुमच्यासारख्यांचा लहान निधी. दोन ग्रँटच्या मधे आठ-दहा महिन्यांची पोकळी पडते, तेव्हा तंत्रज्ञाचा पगार याच पैशातून निघतो. ती व्यक्ती गेली तर तिच्या हातातलं कौशल्यही जातं. अशाच एका निधीतून आमच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर दुरुस्त झाला होता, तोही रात्री अडीच वाजता. त्या रात्री नमुने वितळले असते तर सहा वर्षांचं काम गेलं असतं. कोणत्याही फॉर्मवर 'कॉम्प्रेसरसाठी' असा रकाना नसतो.

आता फसण्याबद्दल. तुमच्या प्रयोगातून 'हा रेणू चालत नाही' हे कळलं. ते छापून आलं नाही तर जगात कुठेतरी दुसरी प्रयोगशाळा त्याच रेणूवर पुन्हा पाच वर्षं घालवेल, दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीच्या पैशांतून. नकारात्मक निष्कर्ष खणात पडून राहणं हा आमच्या क्षेत्राचा जुना आजार आहे. नियतकालिकांना यशाच्या गोष्टी हव्या असतात आणि आम्हालाही अपयश लिहायला वेळ काढणं जड जातं. पण देणाऱ्यानं विचारलं तर आम्ही लिहितो. खरंच सांगते. तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारा: हा निकाल कुठे प्रसिद्ध करणार, कच्ची आकडेवारी इतरांना उघडी करणार का, आणि त्या नळ्यांचं काय करणार.

नळ्यांवरून आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत थॉमस वेलर कांजिण्यांचा विषाणू ऊतींच्या कल्चरमध्ये, म्हणजे शरीराबाहेर नळीत वाढवलेल्या पेशींत, वाढवायचा प्रयत्न करत होते. त्या प्रयोगाच्या काही नळ्या उरल्या. फ्रीजरमध्ये पोलिओच्या विषाणूचा एक नमुना पडून होता, तो त्यांनी त्या उरलेल्या नळ्यांत घातला. कांजिण्यांचं तेव्हा काही जमलं नाही. पोलिओचा विषाणू मात्र वाढला. तोवर तो फक्त चेताऊतींमध्येच (मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऊतींमध्ये) वाढतो असं मानलं जायचं, आणि तशा ऊतींपासून लस करणं धोक्याचं होतं. तो अडसर उरलेल्या नळ्यांनी दूर केला. एंडर्स, वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांना १९५४ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या कामाला पैसा देणाऱ्यांत पोलिओसाठी लोकांच्या पैशांवर चालणारी संस्था होती. देणगीच्या फॉर्मवर कोणी 'फक्त लसीच्या शोधासाठी' असा हट्ट धरला असता, तर कांजिण्यांच्या नळ्या उरल्याच नसत्या.

---

जुना_वाचक

परीक्षानळी, अप्रतिम प्रतिसाद. त्या संस्थेबद्दल थोडी भर.

ती १९३८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुरू केली. त्यांना स्वतःला १९२१ मध्ये पोलिओ झाला होता. ती चालवली बेसिल ओकॉनर यांनी, जे व्यवसायानं वकील. आणि पैसा आला तो मुख्यतः सामान्य माणसाच्या खिशातून. 'डाइम' म्हणजे १० सेंटचं नाणं. रेडिओवरच्या एका विनोदी कलाकारानं, एडी कॅंटर यांनी, लोकांना आवाहन केलं की एकेक डाइम थेट व्हाइट हाउसला पाठवा. लाखो नाणी आली. पाकिटांत चिकटवून, कागदात गुंडाळून. टपाल निवडणाऱ्यांची तारांबळ उडाली.

याच पैशातून जोनास सॉल्क यांची लस झाली आणि १९५४ ची प्रचंड चाचणी झाली. सुमारे १८ लाख मुलं तिच्यात सहभागी होती. १२ एप्रिल १९५५ ला निकाल जाहीर झाला: लस सुरक्षित आहे आणि काम करते. ज्यांनी दहा सेंट दिले होते त्यांच्याच मुलांनी दंड पुढे केला होता. याला मी देणगी म्हणणार नाही. ती सगळी माणसं त्या प्रयोगात सहभागीच होती.

कोरा_कागद म्हणतात तसं कराच्या पैशाचं महत्त्व मोठंच आहे, त्याला पर्याय नाही. पण १९५२ साली तिथे एका वर्षात पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले होते. अशा वेळी लोकांनी कोणाची वाट पाहिली नाही.

---

मुक्तछंद

मी आणखी छोट्या पैशाबद्दल लिहितो, कारण त्यात मी स्वतः होतो.

केआयसी ८४६२८५२ नावाचा एक तारा आहे. केप्लर दुर्बिणीच्या नोंदी घरबसल्या तपासणाऱ्या हौशी लोकांना तो पहिल्यांदा खटकला. त्याचा प्रकाश अनियमितपणे कमी होत होता, एकदा तर २० टक्क्यांहून जास्त. तबेथा बोयाजियन यांनी २०१५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पण पुढचा प्रश्न अवघड होता: पुन्हा कधी मंदावेल हे कोणालाच माहीत नाही, मग त्याच्यावर सतत नजर ठेवायला दुर्बिणीचा वेळ कोण देणार? २०१६ मध्ये त्यांनी लोकांकडे पैसे मागितले. १७०० हून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. त्या १७०० मध्ये मीही एक. रक्कम सांगण्याजोगी नव्हती.

मे २०१७ मध्ये तारा मंदावला. पहिल्या मंदीला नाव द्यायचा मान आम्हा देणाऱ्यांना मिळाला, 'एल्सी' ठेवलं. दुर्बिणींचे रोजचे आकडे यायचे आणि मी ते उघडून बसायचो. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त कमी होतोय, म्हणजे मधे काही सलग भरीव वस्तू नाही, बारीक धूळ आहे, हे त्यातून निघालं. परग्रहवासीयांच्या अजस्र बांधकामाची जी चर्चा होती ती तिथे विरली. काहीजण हिरमुसले. मी नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट खरी ठरताना दिसत होती, आणि तिच्यात माझा चिमूटभर वाटा होता.

---

कोरा_कागद

मुक्तछंद, हे वाचून बरं वाटलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही, कारण पुढचं टोकही बघायला हवं. सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांत घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णांच्या पालकांनी अमेरिकेत १९५५ मध्ये संस्था काढली. तिनं अनेक वर्षं संशोधन पोसलं आणि पुढे औषध शोधायला थेट कंपनीलाच पैसे दिले. २०१२ मध्ये औषध आलं, आजाराच्या मुळावर काम करणारं पहिलं. विलक्षण यश. पण किंमत? वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर. आणि २०१४ मध्ये संस्थेनं रॉयल्टीचे हक्क ३३० कोटी डॉलरला विकले. ज्या आईबापांनी घरोघर फिरून निधी जमवला त्यांच्याच मुलांना ते औषध परवडेना, अशी वेळ काहींवर आली. देणाऱ्यानं अटी घालू नयेत हे खरं असेल, पण औषध परवडलं पाहिजे ही अट तरी घालायला नको होती का?

---

जुना_वाचक

बोचणारा प्रश्न आहे आणि माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्या ३३० कोटींमुळे संस्थेला पुढच्या संशोधनात भरभरून पैसा घालता आला आणि २०१९ मध्ये आलेलं पुढचं औषध सुमारे ९० टक्के रुग्णांना लागू पडतं. पण किमतीची अट करारात लिहिली असती तर मला जास्त आवडलं असतं. दोन अटींत फरक करायला हवा. 'हेच शोधा' ही एक अट आणि 'शोधलेलं सगळ्यांपर्यंत पोचवा' ही दुसरी. पहिली शास्त्रज्ञाचा हात धरते. दुसरी तसं करत नाही.

---

परीक्षानळी

जुना_वाचक यांना +१. दुसऱ्या प्रकारच्या अटीचं एक चांगलं उदाहरण: हेन्री वेलकम औषधांच्या व्यापारातले. १९३६ मध्ये ते गेले आणि मागे ठेवलेल्या संपत्तीतून वेलकम ट्रस्ट उभा राहिला. या ट्रस्टनं २००५ पासून अट घातली की आमच्या पैशातून झालेले शोधनिबंध कोणालाही फुकट वाचता आले पाहिजेत. सांजवारा, तुम्ही दादाच्या उशाशी बसून जे निबंध वाचले असतील, त्यातले काही अशाच अटींमुळे उघडले असतील.

---

गवतफुला

सवड मिळाली. मला या चर्चेत मेरी क्युरींची आठवण झाली. नोबेलची नव्हे, त्या देणगीच्या कागदाची.

मिसी मेलोनी नावाच्या अमेरिकन संपादक १९२० मध्ये क्युरींना भेटल्या. त्यांच्या लक्षात आलं की जिनं रेडियम शोधलं तिच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक ग्रॅम रेडियम आहे, आणि दुसरा ग्रॅम घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा एका ग्रॅमची किंमत होती सुमारे एक लाख डॉलर. क्युरींनी पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे रेडियमच्या विक्रीतला एक पैसाही त्यांच्याकडे आला नव्हता. मेलोनींनी मायदेशी परतून बायकांना आवाहन केलं. विद्यार्थिनी, गृहिणी, शिक्षिका. त्यांतल्या बहुतेकींनी रेडियम कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हत्या. लाखभर डॉलर जमले.

२० मे १९२१ ला व्हाइट हाउसमध्ये समारंभ ठरला. आदल्या संध्याकाळी क्युरींना दानपत्र वाचायला दिलं. त्यांनी ते बारकाईनं वाचलं आणि म्हणाल्या, हे बदलावं लागेल. त्यात रेडियम त्यांना, मेरी क्युरींना, दिल्याचं लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, असं राहिलं तर मी गेल्यावर ते माझ्या मुलींची खासगी मालमत्ता होईल. ते प्रयोगशाळेचं असलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात करू, असं कोणीतरी सुचवलं. त्या ऐकेनात. आज रात्रीच झालं पाहिजे. रात्री वकील शोधून आणला, कागद बदलला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हातून त्यांनी पेटीची किल्ली घेतली.

मला हे दृश्य फार जवळचं वाटतं. पन्नाशी उलटलेली थकलेली बाई, मोतीबिंदूनं डोळे अधू होत चाललेले, एक ओळ बदलण्यासाठी सगळ्यांना जागं ठेवते. देणाऱ्या बायकांनी तर तिलाच दिलं होतं, प्रेमानं. तिनं ते आपल्या हातातून पुढे सरकवलं.

---

धूमकेतू

गवतफुला, काय लिहिलंय!

देणाऱ्याच्या धीराबद्दल एक राहिलं होतं. फ्रेडरिक गेट्स हे ख्रिस्ती धर्मोपदेशक, अमेरिकेतले तेलसम्राट रॉकफेलर यांचे सल्लागार. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी वैद्यकशास्त्राचं हजार पानांच्या आसपासचं पाठ्यपुस्तक हातात घेतलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून पूर्ण वाचलं. वाचून ते हादरले. लक्षणांची वर्णनं पानोपानी, पण खात्रीचा इलाज मोजक्याच आजारांवर. त्यांनी रॉकफेलर यांना टिपण पाठवलं: माणसं आयुष्यभर फक्त संशोधन करू शकतील अशी संस्था हवी. १९०१ मध्ये ती निघाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रॉकफेलर यांचा लहानगा नातू स्कार्लेट तापानं गेला होता, तेव्हा त्या तापावर औषधच नव्हतं.

ऑस्वाल्ड एव्हरी तिथे १९१३ मध्ये आले, न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करायला. सगळ्या प्रकारच्या न्यूमोनियावर चालेल असं औषध त्यांच्या हातून झालं नाही. पण १९४४ मध्ये त्याच जंतूंवर काम करताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे. ३१ वर्षांनी, आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर. दर पाच वर्षांनी 'औषध कुठे आहे' विचारलं असतं तर ते कधीच हाती लागलं नसतं.

विज्ञानातलं कळत नसताना शब्दकोश घेऊन बसणारे गेट्स आणि उशाशी बसून वाचणाऱ्या सांजवारा, मला एकाच रांगेतले वाटतात.

---

परीक्षानळी

सांजवारा, तुमच्या आजाराबद्दल दोन गोष्टी वाचून आले, त्या लिहिते.

२०१४ च्या उन्हाळ्यात लोकांनी डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेतलं ना, त्यातून एकट्या अमेरिकेतल्या एएलएस संघटनेला (एएलएस हा मोटर न्यूरॉनच्या आजाराचा सगळ्यांत नेहमीचा प्रकार) साडेअकरा कोटी डॉलर मिळाले. त्या पैशाची मदत झालेल्या प्रकल्पातून २०१६ मध्ये 'एनईके१' या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध सापडला. त्याच पैशाचा काही भाग एका संयुक्त औषधाला गेला. ते २०२२ मध्ये मंजूर झालं, पण २०२४ च्या मोठ्या चाचणीत चाललं नाही आणि कंपनीनं स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. उलट टोफर्सन हे दुसरं औषध आधी चाचणीत ठरलेल्या निकषावर नापास झालं होतं. पण त्याच चाचणीत रक्तातला चेतापेशींच्या नुकसानीचा निदर्शक कमी झालेला दिसला. त्या आधारावर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते एसओडी१ जनुकात दोष असलेल्या थोड्याच रुग्णांसाठी आहे, पण आहे.

पास झालेलं मागे घेतलं गेलं आणि नापास झालेलं रुग्णांपर्यंत पोचलं. तुमच्या आलेखातल्या दोन रेघा एकमेकींवर बसल्या असतील, पण त्याच नमुन्यांत आणखी काय मोजता येईल हे अजून कोणी विचारलेलं नसेल. म्हणून नळ्यांबद्दल नक्की विचारा.

---

सांजवारा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काही प्रतिसाद मी दोन-तीनदा वाचले. एल्सीबद्दल वाचताना रडले, का ते सांगता येणार नाही.

मी प्रयोगशाळेला परीक्षानळीचे तीन प्रश्न जसेच्या तसे पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्याच मुलीचं. आता ती डॉक्टरेट झाली आहे. निकाल लिहून होतोय, कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध करणार. आकडेवारी उघडी करायला त्यांचे प्रमुख तयार आहेत. माझ्या प्रश्नामुळे ते काम पुढे सरकलं, असंही तिनं लिहिलं. नळ्या फ्रीजरमध्येच आहेत. दुसऱ्या एका गटानं, जो वेगळ्याच आजारावर काम करतो, त्यातल्या काही मागितल्या आहेत. तिनं विचारलं होतं, तुमची हरकत नाही ना? दादाच्या आजाराशी त्याचा संबंध नाही. मी अर्धा दिवस थांबून 'हरकत नाही' कळवलं.

कोरा_कागद, तुमच्यामुळे आणखी एक केलं. निधीच्या इतर कुटुंबांना पत्र लिहिलं, की पुढेमागे यातून काही औषध निघालं तर ते परवडेल अशा किमतीची अट आत्ताच करारात घालून घेऊ. दोघांची उत्तरं आली आहेत, दोघेही तयार आहेत.

काल रात्री या वर्षीचा फॉर्म भरला. नाव, रक्कम, तारीख. 'रक्कम कशासाठी वापरावी' या रकान्याशी आले तेव्हा सवयीनं 'फक्त' एवढं लिहून झालं होतं. ते खोडलं, शेजारी सही केली, आणि पुढे लिहिलं, 'जिथे अडलं असेल तिथे'.